वादळाचं नाव, आईचं नाव

आमच्या ऑफिसात दर वर्षी मार्च उजाडला की एक पैज लागते. मी लंडनमधल्या एका विमा कंपनीत काम करते, वादळांच्या खात्यात. अटलांटिक महासागरात चक्रीवादळ उठलं की ते कुठे धडकेल आणि किती छपरं उडवेल याचे अंदाज आम्ही खिडक्या न उघडणाऱ्या इमारतीत बसून बांधतो. पैज अशी, की गेल्या मोसमातल्या कुठल्या वादळाचं नाव यंदा निवृत्त होणार ते ओळखायचं. हरेल त्यानं सगळ्यांसाठी केक करायचा, आणि विकतचा चालत नाही. मी ओळीनं तीन वर्षं हरले आहे आणि माझा केक तिन्ही वेळा मधोमध बसला आहे.

नियम तसा सोपा आहे. वादळांच्या नावांच्या सहा याद्या असतात. दर वर्षी एक वापरायची आणि सातव्या वर्षी पुन्हा पहिली काढायची. त्यामुळे साध्यासुध्या वादळाचं नाव सहा वर्षांनी दुसऱ्या वादळाला मिळतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण एखाद्यानं हाहाकार केला, माणसं गेली, गावंच्या गावं उघडी पडली, तर तडाखा बसलेला देश मागणी करतो, समिती बसते आणि ते नाव कायमचं काढून टाकते. ज्यांचं घर गेलं त्यांच्या कानावर ते नाव पुन्हा बातम्यांतून पडू नये, एवढाच हेतू.

एका वर्षी मार्चमध्ये हे सगळं मी लंडनजवळच्या मेडनहेडला, माझ्या घरी जेवताना सांगत होते, कारण समोर नवे श्रोते होते. आई-बाबा पुण्याहून आले होते. माझा भाऊ आणि वहिनी बर्मिंगहॅमला असतात, वहिनी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि एप्रिलअखेर तिचं बाळंतपण होतं. तोपर्यंत शांतता हवी असं तिनं फार गोड शब्दांत सांगितल्यामुळे आई-बाबा माझ्याकडे उतरले होते. माझी अशांततेला ना नव्हती.

बाबा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. समिती हा शब्द ऐकला की त्यांची पाठ ताठ होते. "सदस्य किती? कोरम काय?" त्यांनी विचारलं.

आईला समितीत रस नव्हता. तिनं विचारलं, "म्हणजे नुकसान केल्याशिवाय नाव काढत नाहीत?"

"नाही. उगाच कशाला काढतील?"

"बरं आहे," आई म्हणाली आणि तिनं मला आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली. बायकांच्या मनातलं मला पटकन कळतं असा माझा तेव्हा समज होता.

पुढच्या आठवड्यात मी तिला आमच्या लायब्ररीतल्या विणकामाच्या ग्रुपला घेऊन गेले. बुधवारी सकाळी तिथे दहा-बारा बायका गोल बसतात, हात सुयांवर आणि तोंडं मोकळी. आई बाळासाठी टोपडं विणत होतीच. दारात एक उत्साही बाई कोऱ्या स्टिकरचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आईला विचारलं, "आणि तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?" इथे असंच विचारतात. कागदावर नाव काय, हा प्रश्न नंतर येतो किंवा येतच नाही.

आईनं गठ्ठ्यातल्या कोऱ्या स्टिकरकडे पाहिलं. मग तिनं एक नाव सांगितलं. त्या बाईंनी ते दोनदा विचारून, अक्षरं लावून, जाड पेनानं लिहिलं आणि आईनं ते स्टिकर पदराखाली जाणार नाही असं नीट चिकटवलं. ते तिचं नाव नव्हतं.

मी हसून म्हटलं, "आई, तुझं नाव विचारतायत त्या." आई म्हणाली, "कळलं मला," आणि जाऊन खुर्चीत बसली.

आमच्या वयाच्या, परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक भीती दबा धरून असते. आईबापांचं विसरणं सुरू झालं की काय, हीच ती. मी लायब्ररीच्या बाहेर जाऊन बर्मिंगहॅमला वहिनीला फोन लावला. आठ महिन्यांच्या पोटानं ती बिचारी सोफ्यावर आडवी पडली होती. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं.

"ताई, पॅनिक नको करूस," ती म्हणाली. "वार विचार, तारीख विचार, शंभरातून सात-सात वजा करायला सांग. सहज विचार, एक्झाम घेतल्यासारखं नको."

सहज विचारणं मला जमत नाही. संध्याकाळी आई गॅसपाशी उभी असताना मी म्हटलं, "आई, आज वार कोणता गं?"

"बुधवार. तुझी भेंडी करपतेय."

"आणि शंभरातून सात गेले तर?"

आईनं गॅस बंद केला. ती तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवत होती. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. अजून जाऊ, की तुला काय विचारायचंय ते सरळ विचारतेस?"

मी सरळ विचारलं. आई हसली नाही, पण तिला गंमत वाटत होती हे दिसत होतं. "ते माझंच नाव आहे. माझ्या वडिलांनी ठेवलेलं."

मला ते माहीत असायला हवं होतं, मान्य. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडची पद्धत मला काय नवीन होती? ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी पेढे खायचे. माझ्या लग्नात तो विषय निघाला तेव्हा मी तांदळाचं ताट सरळ पुलावासाठी आत पाठवलं होतं आणि सासूबाईही हसल्या होत्या. पण आईलाही आधीचं एक नाव असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. माहेरी ती थोरली म्हणून सगळ्यांची ताई, शाळेत बाई, सोसायटीत काकू. तिच्या जुन्या प्रमाणपत्रांवर ते नाव असणार, पण आईची प्रमाणपत्रं कोण उघडून बघतं? चाळीस ओलांडलेली मुलगी आणि आईचं नाव एका स्टिकरवर पहिल्यांदा वाचते. लाज वाटली मला.

माझी नऊ वर्षांची लेक टेबलाशी गृहपाठ करत होती. तिचं मराठी मेडनहेडचं आहे. ती म्हणाली, "म्हणजे आजी, तुझा नाव रिटायर केला? व्हॉट डिड यू डू?"

"तेच मी चार दिवस विचार करतेय," आई म्हणाली. "वादळाचं नाव काढतात ते गावं बुडवली म्हणून. माझ्या हातून काय बुडालं होतं? तेवीस वर्षांची होते मी, बीएस्सी बीएड. साधं दूधही उतू घालवलं नव्हतं."

बाहेरच्या खोलीत बाबांचं वर्तमानपत्र फडफडायचं थांबलं.

बाबा तीन दिवस रुसले. आमच्या बाबांचा रुसवा फार शिस्तीचा असतो. जेवायला वेळेवर येतात, सगळं संपवतात, फक्त मीठ मागत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना टेम्सकाठी फिरायला नेलं. हंस बघत बघत त्यांनी तोंड उघडलं. "मी ते नाव हौसेनं ठेवलं होतं. महिनाभर शोधत होतो. फुलाचं नाव आहे. तिला शिक्षा म्हणून ठेवलं होतं का?"

मला त्यांचीही दया आली. पंचवीस वर्षांचा एक कारकून, नव्या बायकोसाठी वहीत फुलांची नावं उतरवतोय, हे चित्र काही वाईट नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, हे तिला सांगा ना."

त्यांनी सांगितलं. संध्याकाळी चहाच्या वेळी, घसा खाकरून, एखादं निवेदन द्यावं तसं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मऊपणानं विचारलं, "अहो, इतकं हौसेनं ठेवलंत, मग त्या नावानं मला हाक किती वेळा मारलीत?"

बाबा विचारात पडले. मीही पडले. आमच्या घरात बाबांची आईला हाक म्हणजे 'अगं'. लांबून असेल तर 'अगं, ऐकलंस का'. फार लांबून असेल तर ते मला किंवा भावाला हाक मारत आणि म्हणत, आईला बोलाव. फुलाचं ते नाव मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नव्हतं.

"कागदावर आहे ना ते," बाबा म्हणाले. "पासपोर्टवर आहे, पेन्शनला आहे. आता या वयात बदलायला निघालीस तर विमानात बसू देणार नाहीत."

"कागदावरचं राहू दे तिथेच," आई म्हणाली. "मला हाकेतलं हवंय."

तिला काय हवं होतं ते आता आम्हा सगळ्यांना स्वच्छ कळलं. दुसऱ्या दिवसापासून माझी लेक आणि मी तिला मधूनमधून त्या नावानं बोलवायला लागलो, मी आपली थट्टेत. आई ओ द्यायची, पण तिचं लक्ष बाबांकडे असायचं. आमची हाक तिला चालत होती, पण जिथून हवी होती तिथून येत नव्हती. विणकामाच्या बायका मात्र तिला दर बुधवारी तोंडभरून त्या नावानं बोलवत. उच्चार कसेही वेडेवाकडे होत, पण ती घरी यायची ती दहा वर्षांनी लहान होऊन.

बाबांना नियम लागतो. त्यांनी माझ्याकडे तज्ज्ञ म्हणून विचारणा केली. "तुमच्यात काय आहे? एका ठिकाणचं वादळ दुसऱ्या ठिकाणी गेलं तर तिथले लोक नवं नाव देतात की नाही? इथली वेगळी यादी आहे म्हणालीस ना?"

त्यांना वाटलं, इथे आपण जिंकलो. मला उत्तर देताना फार आनंद झाला, हे कबूल करते. "इथली यादी वेगळी आहेच, बाबा. पण अमेरिकेच्या बाजूनं नाव घेऊन आलेलं वादळ अटलांटिक ओलांडून ब्रिटनला पोचलं, तर इथले लोक त्याला नवं नाव देत नाहीत. जोर ओसरलेला असला तरी जुनंच नाव चालू ठेवतात. नाहीतर कोण कुठून आलं ते लोकांना कळेनासं होतं."

"हे कोणी ठरवलं?"

"हवामानवाल्यांनी. बसून, रीतसर."

बाबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "वादळाचं लग्न होत नाही," आणि खोलीत निघून गेले. स्वयंपाकघरात आई हसत होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि माझ्या लेकीनं तिला पाणी आणून दिलं.

असंही नाही की ते वाईट दिवस होते. त्या महिन्यात आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं माझ्या लहानपणी वर्षभरात झालं नसेल. चेरीला बहर आला होता, बाबा रोज त्याचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकत होते. वादही फोडणीच्या वासात आणि आल्याच्या चहाबरोबर चालायचे. मला मनापासून वाटायचं, हे दोघं कायमचे इथेच राहिले तर किती बरं होईल.

एप्रिल संपता संपता बर्मिंगहॅमला मुलगी झाली. साडेतीन किलोची, डोक्यावर भरपूर जावळ. आम्ही सगळे गाडीत बसून गेलो आणि पोचल्या पोचल्या मी तिला हातात घेतलं. मी तिची आत्या. नाव ठेवायचा मान माझा. आणि तिथेच, ती हातात असताना, मला एक कल्पना सुचली. मला ती इतकी सुंदर वाटली की मी विचार न करता बोलून मोकळी झाले.

"आईचं माहेरचं नाव ठेवू या हिला."

भावाच्या डोळ्यांत पाणीच आलं. वहिनी म्हणाली, "ओह, दॅट्स लव्हली, आणि इथल्या लोकांना म्हणता पण येईल." सगळ्यांत जास्त आनंद बाबांना झाला. त्यांचा चेहरा बाळाच्या चेहऱ्याइतका सैल झाला. नाव यादीत परत आलं, मान राहिला आणि कुणाला काही बदलायला नको. इतका सोयीचा ठराव त्यांच्या अख्ख्या नोकरीत मंजूर झाला नसेल.

आई कोपऱ्यात डिंकाचे लाडू डब्यात भरत होती. ती म्हणाली, "नाही."

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"अगं, पण तुझंच नाव..." बाबा म्हणाले.

"माझंच आहे म्हणून तर. माझं अजून वापरून झालेलं नाही." तिनं लाडू खाली ठेवला. "हिला दिलंत की हाक हिला जाईल. तुम्ही सगळे म्हणाल, बघा, आईचं नाव कसं जिवंत ठेवलं. आणि मी असेन स्वयंपाकघरात, अगं होऊन. मी जिवंत आहे ना अजून? मग माझं नाव मलाच द्या. हिला नवं कोरं शोधा. एवढी गोड मुलगी आहे, तिनं दुसऱ्याचं जुनं का घालावं?"

आवाज चढला नव्हता. पण मी आयुष्यात तिला स्वतःसाठी काही मागताना तोपर्यंत ऐकलं नव्हतं. आणि तिनं मागितलेली वस्तू मी तिच्यादेखत दुसरीला वाटून टाकत होते, वर स्वतःचं कौतुक करत. मी बाळ भावाकडे दिलं, जाऊन तिला मिठी मारली आणि माफी मागितली. ती म्हणाली, "पुरे, डबा सांडेल."

घरी परतताना बाबा पुढच्या सीटवर बसून सगळा वेळ बाहेर बघत होते.

बारसं तीन आठवड्यांनी एका कम्युनिटी हॉलमध्ये केलं. त्याच्या आधी तिथे बॅडमिंटन होतं, त्यामुळे जाळी कोपऱ्यात गुंडाळून ठेवली होती. पाळणा म्हणून वहिनीच्या मैत्रिणीनं दिलेली वेताची टोपली, तिला झेंडूच्या माळा. बर्मिंगहॅमच्या तमाम मराठी बायका पैठणीवर कार्डिगन घालून आल्या होत्या. वहिनीच्या हॉस्पिटलातल्या नर्सही आल्या होत्या, त्यांना गोविंद घ्या, गोपाळ घ्या फार आवडलं. मी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नवं कोरं नाव सांगितलं. ते शोधायला मला अठरा दिवस लागले, रात्रंदिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं. बायकांनी माझ्या पाठीत रीतीप्रमाणे धपाटे घातले आणि त्यातल्या दोघींनी रीतीपेक्षा जोरात घातले.

मसालेभात, जिलबी, मठ्ठा झाला. मग फोटोची वेळ आली. भावानं सगळ्यांना पाळण्यामागे उभं केलं, बाळ वहिनीच्या मांडीवर जागं होतं आणि रडत नव्हतं, म्हणजे हातात फार वेळ नव्हता. फक्त आई नव्हती. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला, चहाच्या पिंपापाशी दोन नर्सना टोपड्याचे टाके समजावून सांगत होती.

"बाबा, आईला बोलवा ना," भाऊ म्हणाला.

बाबांनी हाक मारली, "अगं."

हॉलमधल्या पाच-सहा बायकांनी वळून पाहिलं. त्यात आई नव्हती.

"अगं, ऐकलंस का."

आता निम्मा हॉल वळला. एक पोक्त बाई दोन पावलं पुढे येऊन म्हणाल्या, "कोण, मी का?" बाबा ओशाळून नाही नाही म्हणाले. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. माझ्या लेकीनं माझा हात दाबला, आणि मी शहाण्यासारखं ते मिटलं.

बाबांनी जाकिटाचं बटण लावलं. घसा खाकरला. आणि मग त्यांनी तिच्या वडिलांनी ठेवलेलं ते नाव घेतलं, मोठ्यानं, सगळ्या बर्मिंगहॅमच्या देखत. नाव पूर्ण आणि नीट आलं. हॉलमधल्या कुणालाच कळलं नाही की ही कोण, कारण त्या नावाची बाई त्यांच्यापैकी कुणाच्याच ओळखीची नव्हती.

आई वळली नाही. पिंपाकडे तोंड करून तशीच उभी राहिली, हातात टोपडं घेऊन. बाबा घाबरून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मला मात्र बाजूनं तिचा गाल दिसत होता. तो हसत होता. ऐकू तिला स्वच्छ गेलं होतं, तिला फक्त पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

बाबांनी पुन्हा हाक मारली.